छेदाबाहेरची बाई

चौथीच्या मुलांना अपूर्णांक शिकवायचे असले की मी घरून भाकरी घेऊन जायचे. सुरतेत उधन्याच्या एका मराठी शाळेत मी अकरा वर्षं हंगामी शिक्षिका होते. भाकरीचे चार तुकडे करायचे, एक उचलून कुणाला तरी द्यायचा आणि विचारायचं, किती खाल्ली? अंश मुलांना लगेच कळायचा, कारण तो तोंडात जायचा. छेद कळायचा नाही. मग मी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'कितीपैकी?' असं लिहायचे आणि हजेरीपट वर धरून सांगायचे, वर्गात दहा मुलं आहेत, आठ पास झाली. आता बाईंनी नापास झालेल्या दोघांची नावंच हजेरीतून खोडली तर? एखादं तरी पोर ओरडायचं, "बाई, मंग समदेच पास!" वर्ग खो खो हसायचा. मीही हसायचे.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे केलं ते मी अडाणीपणानं केलं असं कुणी समजू नये. मला छेद चांगला येत होता.

शाळेतली मुलं हळूहळू गुजराती माध्यमात गेली. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, कामावर गुजराती, यात पुस्तकातली मराठी कुणालाच लागत नव्हती. वर्ग आधी एकत्र झाले, मग बंद झाले, आणि आम्हा हंगामी लोकांना सगळ्यात आधी नारळ मिळाला. नवरा पांडेसऱ्याला डाइंग मिलमध्ये होता, मुलगा नोकरीला लागला होता. उपाशी मरायची वेळ नव्हती, पण घरात बसून माझी जीभ फार चालायची. एकदा नवरा जेवता जेवता म्हणाला, "तुला वर्ग नाही तर तू माझाच वर्ग घ्यायला लागलीस." त्याच महिन्यात ओळखीच्या एका बाईंनी हे काम आणून दिलं. घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

काम असं होतं. पांडेसरा आणि उधन्याच्या वस्त्यांत एक संस्था गरोदर बायकांची देखभाल करायची. या संस्थेला पैसे आगाऊ मिळत नव्हते. आधी निकाल दाखवा, मग पैसे न्या, असा करार होता. निकाल म्हणजे बाईच्या चार तपासण्या झाल्या, रक्त वाढलं, बाळंतपण दवाखान्यात झालं. नोंदवलेल्या बायकांपैकी कितीजणींचं हे सगळं पुरं झालं, त्यावर संस्थेला किती मिळणार ते ठरायचं, आणि वस्तीत फिरणाऱ्या सेविका पुढच्या वर्षी कामावर राहणार की नाही तेही. संस्था सांगते ते खरं का, हे घरोघर जाऊन बघायला तिसरं एक ऑफिस होतं. मी त्या ऑफिसची.

आमचे साहेब अहमदाबादहून यायचे आणि आमच्याशी हिंदीत बोलायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "आप लोग थर्मामीटर हो, दवाई नहीं." ताप मोजायचा, उतरवायचा नाही. तुम्हीच बाईला दवाखान्यात घेऊन गेलात, तर सुधारणा कार्यक्रमामुळे झाली की तुमच्यामुळे, हे कसं कळणार? मला हे एकदम पटलं. अकरा वर्षं मी पोरांची शेंबडी नाकं पुसली होती, डबा विसरलेल्यांना माझ्यातलं दिलं होतं. आता नुसतं मोजायचं आणि निघायचं, यात मोठं सुख वाटलं. फाइल छातीशी धरून मी वस्तीत शिरायचे तेव्हा मान जरा ताठच असायची.

पहिल्या वर्षी एक घोळ झाला. आमच्या कागदावर बाळंतपणाच्या रकान्यात तीनच उत्तरं होती. झालं, झालं नाही, बाई सापडली नाही. आता आम्हा खानदेशी लोकांत पहिलं बाळंतपण माहेरी, हे सांगायला पंचांग लागत नाही. सातव्या महिन्यात ओटी भरली की पोरगी उधन्याहून गाडीत बसते आणि नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जिथली असेल तिथे आईकडे जाते. तिथे ती चांगल्या दवाखान्यात बाळंत होते, बाळ तीन महिन्यांचं करून परत येते. पण आमच्या कागदावर ती 'सापडली नाही', म्हणजे नापास. अशा पहिलटकरणी ज्या सेविकेच्या गल्लीत जास्त, तिचं केंद्र सगळ्यात खाली.

एक सेविका तर माझ्यासमोर रडली. बीडकडची होती. नवरा बांधकामावरून पडून गेलेला, पदरात दोन मुली. मला म्हणाली, "ताई, लेक आईकडं गेली ह्यात माजा काय गुन्हा? मी काय तिला दोरीनं बांधून ठिवू का?"

मी पेटलेच. दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांसमोर उभी राहिले आणि तासभर बोलले. ओटीभरण सांगितलं, डोहाळे सांगितले, जावयाच्या घरी लेकीचं पहिलं बाळंतपण झालं तर आईला भाऊबंदांत काय ऐकावं लागतं तेही सांगितलं. म्हटलं, "सर, ये औरतें भागी नहीं हैं, मायके गई हैं." साहेब वहीत लिहून घेत होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणी शिकलेला माणूस माझ्या घरातल्या रीतीभाती लिहून घेत होता. मला केवढं मोठं वाटलं ते काय सांगू. त्यांनी विचारलं, मग उपाय काय? मी म्हटलं, सोपं आहे. चौथं उत्तर ठेवा, 'माहेरी गेली'. ज्या बाईपुढे ते असेल तिला ना पास धरा ना नापास. तिला मोजणीतूनच काढा.

म्हणजे छेदातून काढा. मीच सांगितलं.

नवीन कागद छापून आले. त्यावर 'मा' असा रकाना होता, तो सेविकांनी भरायचा; 'मा' असलेल्या घरी आम्ही तपासायला जायचो नाही. मला चमूची प्रमुख केलं. बीडकडच्या सेविकेनं माझ्या घरी पेढे आणले, खाली वाकून नमस्कार करायला लागली तेव्हा मी तिला धरलं. नवरा म्हणाला, "आता तुला माहेरखात्याचं मंत्री करतील." मी चिडल्यासारखं केलं, पण पेढा तोंडात होता आणि हसू आवरत नव्हतं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मूल्यमापन आलं. निकाल बघून पैसे दिल्यानं बायकांचं खरंच भलं झालं का, हे तपासायचं होतं. दिल्लीहून यादी आली. संस्थेच्या नोंदवहीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी नावं काढलेली, त्यांच्या घरी जाऊन आम्ही प्रश्न विचारायचे. वरवर सगळं छान होतं. सगळ्या केंद्रांचे निकाल वर चढले होते, बीडकडच्या सेविकेचं केंद्र तर पहिल्या नंबरात होतं. दुपारी ऑफिसात बसून मी यादीवर घरांचे क्रमांक टाकत होते आणि हात थांबला. एका नावापुढे 'मा' होतं आणि त्याच ओळीत लिहिलं होतं, चौथी खेप. खाली अजून एक, तिसरी खेप. अजून एक. चौथ्या बाळंतपणाला कोण माहेरी जातं? पहिलं झालं की बाईला सासरचा उंबरा सुटत नाही, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. दिल्लीच्या लोकांना ते कळणार नव्हतं. मला कळलं.

मी ओळी पुन्हा वाचल्या. 'मा' लिहिलेल्या बहुतेक जणींच्या पुढे काही ना काही होतंच. कुणाचं रक्त कमी, कुणाचं आधीचं मूल पोटातच गेलेलं, कुणाचा रक्तदाब वाढलेला. ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला होता त्याच बायका कुणाला नको होत्या. चार तपासण्यांना त्या येणार नाहीत, आल्या तरी रक्त वाढणार नाही, मग निकाल बिघडेल. त्यापेक्षा एक अक्षर लिहिलं की काम झालं. खोटी सही नको, खोटी बाई नको, खोटं बाळही नको. मी रकाना देऊन ठेवलाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच निघाले. पहिल्या घरी 'माहेरी गेलेली' बाई स्वतः दार उघडायला आली, कडेवर आठ महिन्यांचं पोर. दुसरी नळावर भांडी घासत होती. तिसरं घर पांडेसऱ्याच्या एका गल्लीत, पत्र्याच्या जिन्यानं वर गेल्यावर एकच खोली. खाली कापडाचे लूम चालू होते, त्यामुळे खोलीची फरशी थरथरत होती. दाराशी एक बाई पाय लांब करून बसली होती. पोट खूप पुढे आलेलं, पाय सुजलेले. चेहरा इतका पांढरा की मी आधी तिला पीठ मळता मळता उठलेली समजले.

यादीत तिच्यापुढे 'मा' होतं. तिसरी खेप.

मी घरच्या भाषेत विचारलं, "काय वं माय, माहेरले जाई उनी का?"

ती हसली. "माले माहेर कोठे शे ताई? माय मी धाकली व्हती तवयच मरी गयी. लगीन व्हयनं तशी मी आठेच शे."

सेविका येते का विचारलं तर म्हणाली, पहिल्यांदा आली होती, बोटातून रक्त काढून बघितलं, मग आलीच नाही. तो कागद तिनं पत्र्याच्या डब्यातून काढून दिला. रक्त सहाच्याही खाली होतं. आणि ते पाच महिन्यांपूर्वी. मी तिला जीभ दाखवायला सांगितलं, नखं बघितली. मी डॉक्टर नाही, पण दोन वर्षं अशा कागदांत काढली होती. हिला दवाखान्यात नेऊन रक्त चढवलं नाही तर बाळंतपणात काय होईल, ते कळायला डॉक्टर लागत नव्हता.

तिला चक्कर यायची, म्हणून जिना उतरायची भीती वाटायची. नवरा खालच्या नाही, तीन गल्ल्या पलीकडच्या लूमवर बारा तास. दोन्ही मुलं शाळेत गेली होती. एकटी कशी जाणार?

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या. मी तिला हाताला धरून उतरवलं असतं, रिक्षात घातलं असतं, तर दुपारपर्यंत ती दवाखान्यातल्या खाटेवर असती. त्या दिवशी मला अजून सहा घरं करायची होती. आणि ती यादीतली बाई होती. थर्मामीटर आहात, दवाई नहीं. खोटं कशाला बोलू, नियमाचा धाक होता त्यापेक्षा नियमाचा आधार जास्त होता. मी तिला म्हटलं, "सोमवारी सकाळी दहाला मी येते. तुला घेऊन जाते. तयार राहा." सोमवारी माझी सुट्टी टाकायची, म्हणजे ऑफिसच्या वेळात नियम मोडायला नको, असा हिशोब मी जिन्यावरच केला. शुक्रवार होता तो.

बाहेर पडून मी बीडकडच्या सेविकेला फोन लावला. ही तिचीच गल्ली. मी तिला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "ताई, ती बाई जिना उतरत न्हाई. चार तपासण्या कुटून करू? तिच्यापायी माजं केंद्र खाली गेलं तर माज्या जागी दुसरी येतीय. माज्या लेकींना कोण बगंल?" ती पुढे म्हणाली, "आन तुमीच तर शिकवलंत की, जी आपल्या हातात न्हाई तिला मोजायची न्हाई."

मी असं शिकवलं नव्हतं. पण तसं न म्हणताच मी फोन ठेवला.

संध्याकाळी साहेबांना सगळं सांगितलं. ते हादरले, हे मी कबूल करते. वाईट माणूस नव्हते ते. पण म्हणाले, मूल्यमापन चालू असताना नमुन्यातल्या नोंदीला हात लावता येत नाही, तुमचं म्हणणं शेऱ्यात लिहा, अहवालात घेऊ. मी शेरा लिहिला. रकाना अपुरा पडला म्हणून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिला, सुवाच्य अक्षरात, मुद्द्यांना क्रमांक घालून. शाळेची सवय.

रविवारी साहेबांचा फोन आला. सोमवारी पैसे देणारे दिल्लीचे आणि बाहेरदेशचे पाहुणे येत आहेत, शहरातल्या हॉटेलात बैठक आहे, तुम्हाला 'मा'बद्दल बोलायचं आहे. मी म्हटलं, माझी सुट्टी आहे. ते म्हणाले, "मॅडम, ये आपका आयडिया है. आप नहीं बोलोगी तो कौन बोलेगा?"

मी स्वतःला समजावलं की हे बरंच झालं. पाहुण्यांसमोरच सांगते, 'मा'चं काय झालंय ते. एका बाईला दवाखान्यात नेण्यापेक्षा सगळ्यांचं भलं होईल. बाईला मंगळवारी नेऊ, एका दिवसानं काय होतंय. तिच्याकडे फोन नव्हता. खालच्या दुकानात निरोप ठेवता आला असता, तेवढंही मला सुचलं नाही, कारण मी साडीला इस्त्री करत होते.

हॉटेलच्या हॉलमध्ये भयंकर गारठा होता. पडद्यावर माझा 'मा' मोठ्या अक्षरात आला. मी ओटीभरणापासून सुरुवात केली, साहेब मध्ये मध्ये इंग्रजी करत होते. पाहुणे माना हलवत होते, एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "लेकिन इस साल..." आणि साहेबांनी हलकेच माझ्या कोपराला हात लावला. "वो रिपोर्ट में," ते हळूच म्हणाले. टाळ्या सुरू झाल्या होत्या. टाळ्यांच्या मध्ये बोलायला छाती लागते. मी खाली बसले. समोर काचेच्या ग्लासात पाणी होतं, ते प्यायले. घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

मंगळवारी सकाळी पाहुण्यांच्या सांगण्यावरून मला शहराबाहेर कामरेजला पाठवलं. तिथे कार्यक्रम नव्यानं सुरू होणार होता, तिथल्या मुलींना कागद भरायला शिकवायचे होते. दोन दिवस मी त्यांना सगळे रकाने शिकवले. 'मा'ही शिकवला. फक्त पहिल्या खेपेलाच लिहायचा, असं चार वेळा बजावलं, आणि मनाला वाटलं की दुरुस्ती केली. त्यांच्या कागदावर मी स्वतःच्या मनानं एक प्रश्नही वाढवला होता, 'बाईला माहेर आहे का?' तो पुढे छपाईत गाळला. कागद लांबत होता.

गुरुवारी दुपारी सेविकेचा फोन आला. बुधवारी दुपारी त्या बाईला दिवसांआधीच कळा सुटल्या. शेजारणींनी खोलीतच बाळंतपण केलं, मुलगी झाली, जिवंत. पण रक्त थांबेना. चौघींनी तिला चादरीत घालून तो पत्र्याचा जिना उतरवला, रिक्षात घातलं. दवाखान्याच्या वाटेवरच ती गेली.

"ताई, मी सोमवारी जाणारच हुते," सेविका म्हणत होती. "तुमी नेताय म्हनून गेले न्हाई. तिनंच सांगितलं मला, ताई येणार हाय म्हनून."

मी त्या दिवशी आणि नंतर खूप रडले, पण त्याचा कुणाला काय उपयोग?

शुक्रवारी मी साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले. म्हटलं, बाई मेली. आता तरी लिहा. ते संगणकाकडे बघत म्हणाले की ती छेदाबाहेर आहे, त्यामुळे तिचा मृत्यू या मूल्यमापनात धरता येत नाही. धरायचा तर आधी 'मा' काढावा लागेल, एकीचा काढला तर सगळ्यांचे तपासावे लागतील, आणि अहवालाची तारीख ठरलेली आहे. माझ्या शेऱ्याचं विचारलं. ते खजील झाले. कागदाची पुढची बाजूच संगणकात भरली जात होती, मागच्या बाजूला जागाच नव्हती.

अहवाल आला. कार्यक्रम परिणामकारक ठरला. स्थानिक चालीरीतींची जाण ठेवून केलेली मोजणी, असं त्यात एक कौतुकाचं वाक्य होतं. ते कुणाबद्दल आहे हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. कुणीतरी माझं अभिनंदन केलं. मी राजीनामा लिहिला, पर्समध्ये ठेवला. अजून तिथेच आहे तो, घडीवर फाटत आलाय.

महिन्याभरानं मी त्या खोलीवर गेले. सोबत तिच्या कागदाची प्रत घेतली होती. ठरवून गेले होते की नवऱ्याला सगळं सांगायचं, तो शिव्या देईल, मारायला उठेल, उठू दे. दारात तो बसला होता, चाळिशीचा असेल, कपड्यांना सुताची पिसं चिकटलेली. लूमवाले सगळे मोठ्यानं बोलतात, कानांत यंत्र भरलेलं असतं, तसाच तोही. मी ऑफिसातून आलेय एवढंच म्हटलं. त्यानं घाईघाईनं उठून मला बसायला पाट दिला, मोठ्या मुलाला चहा आणायला पिटाळलं. मुलगी त्याच्या बहिणीनं गावी नेली होती. जगेल असं म्हणतात, म्हणाला.

मग त्यानंच विचारलं, "तुमना कागदमा तिनं नाव शे ना?"

मी म्हटलं, आहे.

"दखाडा ना. तिनं नाव कोठेच लिखेल नही. रेशनमा बी नही."

मी कागद दिला. तो सातवीपर्यंत शिकलेला होता. बोट ठेवून त्यानं तिचं नाव वाचलं, दोनदा वाचलं, आणि मुलाला बोलावून दाखवलं. मग बोट ओळीवरून पुढे सरकत शेवटच्या रकान्यापर्यंत गेलं. "आठे काय लिखं?"

"माहेरी गेली," मी म्हटलं.

"तिले माहेर नव्हतं," तो म्हणाला. "हाई कोणी लिखं?"

हीच ती वेळ होती. यासाठीच मी आले होते. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "ऑफिसातून आलंय तसं."

त्यानं मान हलवली. ऑफिसातून आलेल्या गोष्टींवर तो आयुष्यभर मानच हलवत आला असेल. कागदाची नीट घडी करून त्यानं दोन्ही हातांनी मला परत दिला. चहा आला, मी तो प्यायले. उठले, चपला घातल्या. मी पहिली पायरी उतरले तेव्हा त्यानं मागून हाक मारली.

"ताई, एक सांगनं व्हतं. त्या सोमवारले तुमना ऑफिसनी एक ताई येणार व्हती, तिले दवाखानामा लई जावाले. मी कामवर व्हतू, माले तिनं नाव माहीत नही. मनी बायको डोकं धुईसन, नवं लुगडं नेसीसन दुपारलोंग वाट देखत बशी राहिनी. त्या ताई अजून उन्या नहीत." त्याचा आवाज गल्लीभर जात होता. "त्यासले तेवढं सांगी द्या, आते येवानं काम नही. उगाच फेरा पडी त्यासले."

मी कठडा धरला. फरशीसारखा तोही थरथरत होता.

"सांगते," मी म्हटलं.